आधी काय पडेल?

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये गेलात, तर हायकोर्टाच्या आवारातला जुना दीपस्तंभ बघाच. जाड दगडी खांबासारखा दिसणारा हा मनोरा 1844 मध्ये सुरू झाला. 1894 मध्ये दिवा हायकोर्टाच्याच इमारतीवरच्या उंच मनोऱ्यात गेला आणि हा खांब निवृत्त झाला. उंची सुमारे 38 मीटर.

घरात आठवी-नववीतलं मूल असेल, तर त्याला विचारा : या टोकावरून नारळ आणि लिंबू एकदम सोडले, तर आधी खाली काय पोचेल?

बहुतेक मुलं "नारळ" म्हणतात. लगेच "चूक" म्हणू नका. "का?" विचारा. "जड आहे म्हणून" असं उत्तर आलं, की घरातच प्रयोग करा. गादीजवळ उभे राहा आणि छातीच्या उंचीवरून दोन्ही एकदम सोडा. आवाज एकच येईल! पृथ्वी नारळाला जास्त जोराने ओढते हे खरं, पण जड वस्तूला वेग द्यायलाही तेवढाच जास्त जोर लागतो. हिशेब सारखा होतो.

मग पान हळू का पडतं? हवेमुळे. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा लहान कागदाचा गोल कापा, तो नाण्यावर ठेवा आणि नाणं आडवं सोडा. समोरची हवा नाणं बाजूला सारतं, म्हणून कागदही बरोबरीने खाली येतो.

आता गंमत. दीपस्तंभावरून खरंच सोडलं, तर नारळच थोडा आधी पोचेल! इतक्या उंचीवरून वेग वाढतो आणि हवा हलक्या लिंबाला जास्त अडवते. म्हणजे मुलाचं उत्तर बरोबर होतं, कारण मात्र वेगळं होतं. परीक्षेत 9.8 पाठ असूनही मुलं अडतात ती इथेच, कारण त्यांना "का?" कुणी विचारलेलंच नसतं.

शेवटचं गणित मुलांनाच करू द्या. तिसऱ्या मजल्यावरची, म्हणजे साधारण 10 मीटरवरची कुंडी पडली तर? दीड सेकंदाच्या आत ती जमिनीवर असेल, आणि वेग ताशी सुमारे 50 किलोमीटर. "अहो, बाजूला व्हा!" असं ओरडायलाही वेळ नाही.

हे गणित सुटलं, की उठा आणि गॅलरीच्या कठड्यावरच्या कुंड्या मुलांच्या मदतीने आत घ्या.