चार पायांची बंदूक

कुत्र्याला सोबत घेऊन पक्षी पाहायला जाणे हा मुळातच विसंगत उद्योग आहे, असे आमचे एक स्नेही नेहमी म्हणतात. गेले चार हिवाळे आम्ही त्यांच्याशी हिरिरीने वाद घातला. या हिवाळ्यात मात्र त्यांचे म्हणणे बरेचसे मान्य करण्याची वेळ आली आहे. ती कशी आली, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

अंबाजोगाईत पहाटे फिरायला निघणाऱ्याचे पाय सहसा मुकुंदराजांच्या समाधीकडे वळतात. बालाघाटच्या डोंगरांत वसलेल्या या गावाचे हे एक सुख आहे: वस्ती मागे पडते न पडते तोच माळ लागतो, आणि पुढे जमीन एकदम दरीत उतरते. पौषात या माळावर गारठा मी म्हणत असतो. कुसळी गवत वाळलेले. त्याची कुसळे आमच्या पायमोज्यांत आणि वाघ्याच्या कानांत सारख्याच निष्ठेने रुततात. (वाघ्या म्हणजे आमचा गावठी कुत्रा. नाव खंडोबाच्या भक्तांवरून ठेवले, पण भक्तीचा गुण काही त्याच्यात उतरला नाही.)

उजाडण्याआधी तित्तर ओरडू लागतात. मग कुंपणाच्या दगडावर थिरथिरा येऊन बसतो, शेपटी अखंड थरथरवीत. बोरीच्या शेंड्यावर गप्पीदास असतो. कापशी घार हवेत एकाच जागी पंख मारीत राहते. खालच्या काळ्या रानात जोंधळा हुरड्याला आला की भोरड्यांचे थवे उतरतात. मध्य आशियात हाच पक्षी टोळ खातो म्हणून तिथला शेतकरी त्याला मित्र मानतो, आणि आमच्याकडचा मचाणावर उभा राहून गोफण फिरवतो. एकाच पक्ष्याचे हे दोन लौकिक!

या सगळ्यात वाघ्याची भूमिका काय? आमची समजूत अशी होती की, डोळ्यांना न दिसणारे तो आम्हांस नाकाने दाखवतो. त्याने गवताच्या ठोंबापाशी थबकावे, पुढचा एक पाय उचलावा, आणि पायांखालून लाव्यांचा थवा भुर्रकन उडावा! दोन वर्षांपूर्वी भल्या पहाटे त्याने असेच तीन भोवत्ये उठवले. ते पंख पसरून गवतावरून निघून गेले तेव्हा आम्ही हरखून वहीत नोंद केली, आणि शेजारी 'वाघ्या आमचा गुरू' असेही लिहून ठेवले. साहित्याच्या मास्तरांची ही जुनी खोड. आपल्या परंपरेत कुत्रा नुसता कुत्रा राहतोच कुठे? दासोपंतांच्या या गावात दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री म्हणजे चार वेद. धर्मराजामागून गेलेला कुत्रा म्हणजे साक्षात धर्म. नामदेवांची पोळी पळवणारा तर खुद्द विठ्ठल. आमचा वाघ्या या मालिकेत सहज बसला.

यंदा मार्गशीर्षात तो असाच थबकला. आम्ही पोहोचेपर्यंत त्याच्या तोंडात सशाचे पिलू होते, मुठीएवढे. त्याने ते आमच्या पायांशी आणून ठेवले आणि शेपटी हलवीत उभा राहिला. त्याच्या दृष्टीने आमच्या सहलींचा हेतूच सफल झाला होता. पिलू काही क्षण धपापले, मग थांबले.

घरी येऊन जुनी वही उघडली, तेव्हा तिच्यातल्या निम्म्या नोंदी 'दिसले' अशा नसून 'उठवले' अशा आहेत हे ध्यानात आले. भोवत्ये मध्य आशियातून हिवाळ्यापुरते येतात आणि रात्री झाडावर नव्हे, गवतात जमिनीवर झोपतात. म्हणजे ऐन थंडीत आम्ही त्यांना अंथरुणातून हुसकले होते, आणि त्याला निरीक्षण म्हटले होते.

१९८३ साली अंबाजोगाईत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. त्याच वर्षी 'सत्तांतर'ला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ते वर्गात शिकवताना पहिला प्रश्न हमखास येतो: ही वानरे कोणाचे प्रतीक? आम्ही दरवर्षी सांगतो की, बाबांनो, ती आधी वानरे आहेत. टोळी ताब्यात घेणारा नवा नर आधीची पिले मारतो, हे युकिमारू सुगियामा यांनी १९६०च्या दशकात धारवाडजवळ पाहून नोंदवले होते. प्रतीकाचे मागाहून पाहू. माडगूळकर स्वतः पूर्वी शिकारी. पुढे बंदूक ठेवून ते पाहणारे झाले. त्यांचे पुस्तक शिकवणारे आम्ही मात्र चार पायांची बंदूक मोकळी सोडून माळावर हिंडत होतो.

यावर कोणी म्हणेल, धनगरांची कुत्री त्याच माळावर फिरतात, गावातली मोकाट कुत्रीही फिरतात. एका वाघ्याने काय बिघडणार? धनगराच्या कुत्र्याला राखणीचे काम असते. आमच्या कुत्र्याला आमची हौस होती. आणि मोकाट कुत्री आहेत म्हणून त्यांत आणखी एकाची भर घालावी, हा युक्तिवाद आम्हांस तरी पटत नाही.

मग साखळी लावावी? आम्हीही आधी हेच ठरवले. पण अबी वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा खोकडांवरचा एक प्रयोग वाचनात आला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला. खोकडांसाठी अन्न मांडून ठेवले. जवळ कुत्रा नुसता असला, तरी खोकडे कमी खात आणि सारखी मान वर करून पाहत. म्हणजे साखळीने दात आवरतात. भय आवरत नाही. तेव्हा आमचे मत असे झाले आहे की, समाधीच्या डांबरी वाटेवर कुत्रा साखळीला धरून न्यावा, आणि गवतात तो नेऊच नये. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना हे रुचणार नाही. आमच्या घरातही रुचलेले नाही.

आता आम्ही आठवड्यातून दोनदा माळावर एकटे जातो. वाघ्याचे रडणे कोपऱ्यापर्यंत ऐकू येते. एकटे गेल्याने पक्षी अधिक दिसतात असे मात्र नाही. लावे तर दिसेनासेच झाले आहेत. गवतात आहेत, असे आम्ही धरून चालतो, आणि बांधाबांधाने वळसा घालून पुढे जातो.