आवाज मराठीत, तक्रार मात्र इंग्रजीत

मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, क्लबहाऊस नावाचे अमेरिकन अ‍ॅप भारतातील अँड्रॉइड फोनवर अवतरले. तोवर ती केवळ आयफोनधारकांची मिरास होती. लिहिणे नाही, छायाचित्र नाही. केवळ बोलणे आणि ऐकणे. घरात कोंडून पडलेल्या मराठी माणसाला हा प्रकार चटकन उमगला, कारण तो त्याला नवा नव्हताच. गावच्या पारावर, वाड्याच्या ओट्यावर, शहरातील कट्ट्यावर तो पिढ्यानुपिढ्या हेच करीत आला आहे. देवनागरीत टंकलेखन करताना ज्यांची बोटे अडखळतात, त्या आजी-आजोबांनाही निःसंकोचपणे ज्यात सहभागी होता यावे, असे हे माध्यम. कीर्तन, भारूड आणि ओवी हीच ज्या समाजाची शतकानुशतके पाठशाळा होती, त्याला ते परके वाटण्याचे कारण नव्हते.

परंतु पार आणि अ‍ॅप यांत एक मूलभूत भेद आहे. पारावर बोलणारा कोण, कोणाचा, हे सर्वांना ठाऊक असते. कोणी मर्यादा सोडली तर एखादा वडीलधारा तिथल्या तिथे त्याचा कान धरतो. अ‍ॅपवर हे वडीलधारेपण सातासमुद्रापलीकडील कंपनीकडे असते आणि तिला मराठी कळत नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये क्लबहाऊसने आपले अ‍ॅप तेरा नव्या भाषांत उपलब्ध केल्याची घोषणा केली. त्यांत हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भारतीय भाषा होत्या. मराठी नव्हती. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषकांची संख्या ८ कोटी ३० लाख आहे. देशात हिंदी व बंगालीनंतर तिचाच क्रम लागतो. कन्नड आणि मल्याळम भाषकांची बेरीजही त्याहून कमी भरते. दैवदुर्विलास असा की, त्याच घोषणेच्या वेळी अ‍ॅपच्या बोधचिन्हावर झळकलेला चेहरा देशमुख आडनावाच्या एका भारतीय गायकाचा होता! आपल्या भगिनीभाषांना मान मिळाला याचा आनंदच मानला पाहिजे. प्रश्न त्यांच्याविषयी नाही. मराठी माणूस हिंदी-इंग्रजीवर भागवून घेतो, असे बाजाराने गृहीत धरले आहे आणि हा समज त्याला आपणच करून दिला आहे. एटीएमवर मराठीचा पर्याय समोर असताना इंग्रजीचे बटण दाबणारे हात कोणाचे असतात?

हा केवळ अस्मितेचा विषय असता तर एखादे निषेधपत्र पाठवून तो संपविता आला असता. त्याचे खरे गांभीर्य तक्रारीच्या वेळी कळते. क्लबहाऊसची त्या काळातील व्यवस्था अशी होती की, संभाषण चालू असेतोवर त्याचे तात्पुरते ध्वनिमुद्रण होई. तेवढ्या अवधीत कोणी तक्रार केली तर चौकशीसाठी ते राखून ठेवले जाई, अन्यथा संभाषण संपताच पुसले जाई. म्हणजे तक्रार करायची ती तत्क्षणी. एखाद्या भगिनीविषयी अभद्र बोलले जात असताना तिने इंग्रजी सूचना वाचून, योग्य ते बटण शोधून, योग्य तो प्रकार निवडायचा. तेवढ्यात मंडळी पांगली की पुरावाही गेला. ट्विटरने आपल्या ‘स्पेसेस’चे ध्वनिमुद्रण तपासणीसाठी तीस दिवस ठेवण्याचे ठरविले होते. त्यात पुरावा टिकतो, मात्र बोलणाऱ्याचे शब्दही तितकेच दिवस कंपनीच्या कपाटात राहतात.

जानेवारी २०२२ मध्ये याच क्लबहाऊसवर मुस्लिम स्त्रियांविषयी अश्लाघ्य संभाषण झाले. दिल्ली महिला आयोगाने पोलिसांना नोटीस बजावली, मुंबई पोलिसांनी हरियाणातून तिघांना अटक केली. स्त्री कोणत्या धर्माची, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव घेणाऱ्या समाजाला हे सांगावे लागू नये. लक्षात घ्यायचे ते हे की, ते प्रकरण हिंदी-इंग्रजीच्या वर्तुळात घडले म्हणून त्याचा बोभाटा तरी झाला. हेच वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलीत घडले असते तर?

यंत्राकडून बोली तपासून घेण्याचा उपाय सांगितला जातो. परंतु नागपूरकराचे ‘बे’ मैत्रीचे असते आणि पुणेकराच्या कानाला ते उर्मट वाटते. मालवणी मुलखात ‘मेल्या’ ही हाक आजीच्या तोंडी लाडाची असते. स्वर वर-खाली झाला की शब्दाचा अर्थ फिरतो. हे ओळखायला माणूसच लागतो, आणि तो त्या मातीतला लागतो.

खासगीपणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. क्लबहाऊसची ध्वनिवहनाची यंत्रणा शांघायस्थित अगोरा ही कंपनी पुरवीत असल्याचे आणि वापरकर्त्यांचे व संभाषणकक्षांचे ओळखक्रमांक उघड्या स्वरूपात जात असल्याचे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या इंटरनेट वेधशाळेने फेब्रुवारी २०२१ मध्ये उघडकीस आणले. भारताने जून २०२० मध्ये ५९ चिनी अ‍ॅप्स बंद केली ती सुरक्षेच्या कारणास्तव. येथे अ‍ॅप अमेरिकन आणि वाहिनी चिनी! अमेरिकन कंपनी म्हणून निश्चिंत राहावे असेही नाही. मित्रांना निमंत्रण देण्यासाठी ती फोनमधील साऱ्या संपर्कांची यादी मागे. ज्यांनी अ‍ॅप कधी पाहिलेही नाही अशा आप्तांचे क्रमांक त्यातून परस्पर जात. आणि आता तर थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून हुबेहूब आवाज घडविता येतो. मुलाच्या आवाजात पैसे मागणारा फोन वडिलांना फसविण्यास पुरेसा आहे.

पुढे क्लबहाऊसची लाट ओसरली; २०२३ मध्ये तिने निम्म्याहून अधिक कर्मचारी कमी केले. मराठीसह भारतीय भाषांचा पुरस्कार करणारे स्वदेशी ‘कू’ जुलै २०२४ मध्ये बंद पडले, याची हळहळ मोठी आहे. ते चालू असताना त्यावर मराठीत लिहिणारे किती होते, याचाही विचार व्हावा. बोलणे मात्र थांबलेले नाही. ते स्पेसेसमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ध्वनिसंदेशांत चालूच आहे.

कायद्याने या बाबतीत एक महत्त्वाचे पाऊल टाकले आहे, त्याची चर्चा मात्र मराठीत फारशी होत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार, माहिती घेण्यापूर्वी द्यावयाची सूचना आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला दिला पाहिजे. त्या परिशिष्टात बावीस भाषा आहेत. मराठी आहे, कोकणी आहे. एक उणीव मात्र राहिली. २०११ च्या नियमांत आवाजाच्या ठेवणीची गणना संवेदनशील जैविक माहितीत होती. नव्या कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. ठसा बोटाचा असो वा आवाजाचा, त्याला अधिक कडक संरक्षण हवे, ही मागणी खासदारांपुढे मांडली गेली पाहिजे.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. सूचना आणि संमतीविषयीच्या तरतुदींसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली, म्हणजे मे २०२७ पर्यंत. तोपर्यंत ग्राहक पंचायती, मराठी साहित्य संस्था आणि महाविद्यालयीन तरुणांची मंडळे यांनी आपापल्या फोनमधील अ‍ॅप्स एकेक करून तपासावीत. मराठी सूचना कोठे आहे, ती कळण्याजोगी आहे की यंत्राने केलेले दगडी भाषांतर आहे, तक्रार मराठीत स्वीकारली जाते की नाही, याची नोंद करावी आणि ती त्या त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवावी. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार त्याला चोवीस तासांत पोच देणे बंधनकारक आहे. पत्र अर्थातच मराठीत लिहावे.