ओटीपी कोणाच्या भ्रमणध्वनीवर? केळापूरच्या भगिनींचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्यालय असलेल्या पांढरकवडा येथे १६ फेब्रुवारी २०१९ रोजी महिला बचत गटांचा मेळावा भरला होता. पंतप्रधान नरेंद्र मोदी त्यास उपस्थित होते. कापूस पिकविणाऱ्या या आदिवासीबहुल तालुक्यातील स्त्रिया संघटित होऊ लागल्या आहेत, याची ती एक खूण होती. माहिती तंत्रज्ञानाने त्यांचे सक्षमीकरण होईल, असेही आपण अनेक वर्षे ऐकत आलो आहोत. ते कितपत खरे ठरले, हे 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या अनुभवावरून तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते.

जुलै २०२४ पासून या योजनेचे अर्ज भरले जाऊ लागले. २१ ते ६५ वर्षे वयाच्या पात्र स्त्रीच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात दरमहा १,५०० रुपये थेट जमा होतात. मध्ये कोणी हात घालू शकत नाही. योजनेमागील राजकारणाबद्दल मतभेद असोत, पैसा स्त्रीच्या स्वतःच्या नावे येतो ही गोष्ट लहान नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये शासनाने सर्व लाभार्थींना ई-केवायसी सक्तीची केली. अपात्र व्यक्तींनी, काही पुरुषांनीसुद्धा, लाभ घेतल्याचे उघडकीस आले होते; तेव्हा पडताळणी आवश्यकच होती. मात्र तिची रीत अशी होती की, स्त्रीने आपला आधार क्रमांक व ओटीपी दिल्यावर पतीचा अथवा वडिलांचा आधार क्रमांक द्यायचा आणि त्यांच्या भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपीही भरायचा.

ज्या विधवेचे वडीलही हयात नाहीत, तिने हा ओटीपी कोठून आणावा? परित्यक्तेने तो कोणाकडे मागावा? हा प्रश्न यवतमाळसारख्या जिल्ह्यात अपवादाचा नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारने विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत यवतमाळ होता. तेथे पतीच्या पश्चात शेत आणि घर सांभाळणाऱ्या भगिनी गावोगावी आहेत. संगणकाची ती चौकट आखणाऱ्यांना त्यांची आठवण झाली नाही, याचे आम्हांस दुःख वाटते. पुढे नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली आणि अशा स्त्रियांना मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे देण्याची मुभा मिळाली. म्हणजे यंत्राने अडविलेली वाट अखेर गावातल्याच एका स्त्रीने मोकळी करावयाची होती. पण नवऱ्याने टाकलेल्या आणि न्यायालयाची पायरी कधी न चढलेल्या स्त्रीजवळ असा कोणता कागद असणार?

सातबाऱ्याचेही असेच आहे. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आज इंटरनेटवर मिळतो, तलाठ्याकडे खेटे घालावे लागत नाहीत. पण वारसनोंदच झालेली नसेल, तर त्या उताऱ्यावर दिवंगत पतीचेच नाव दिसते. १ एप्रिल २०२५ पासून शासनाने राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याचसाठी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सुमारे ३८ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे आढळले. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ६१ टक्के होते. त्यानंतर स्मार्टफोन पुष्कळ पसरले असतील, परंतु घरात फोन असणे आणि तो स्त्रीचा असणे यांत फरक आहे. फोन वडिलांच्या खिशात शेतावर गेला, की महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुलगी संध्याकाळपर्यंत खोळंबते. कोलामांच्या पोडावर तर आधी नेटवर्क शोधावे लागते.

म्हणून मोठमोठ्या प्रशिक्षण शिबिरांआधी एक साधे काम करता येईल, असे आम्ही सुचवितो. बचत गटाच्या मासिक बैठकीत प्रत्येकीच्या आधारशी कोणाचा क्रमांक जोडला आहे, हे विचारावे. तो दिराचा, मुलाचा किंवा केव्हाच बंद पडलेला असेल, तर तिच्या नावाचे सिमकार्ड घेऊन, दोघीतिघींनी मिळून आधार केंद्र गाठावे. ओटीपी कोणालाही सांगू नये, हेही तेथेच समजावून द्यावे. फसवणूक करणारे भामटे आता खेड्यांपर्यंत पोहोचले आहेत. आपल्या धर्मग्रामांतील महिला मंडळांनाही हे सहज करता येण्याजोगे आहे.