डाव्या बाजूचा दिवा

जुन्या गाडीचा इंडिकेटर बंद पडला की आमच्याकडे दोनच बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, "गाडी म्हातारी झाली, भंगारात काढा." दुसरा म्हणतो, "राहू द्या हो, गावातल्या गावात कशाला पायजे इंडिकेटर? हात दाखवला की झालं." मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात आळस आहे, दुसऱ्यात बेपर्वाई.

हाताचंच आधी बघू. आपलं स्टिअरिंग उजवीकडे. उजवीकडे वळताना काढलेला हात मागच्याला दिसेल तरी. डावीकडे वळायला हात गोल फिरवायचा, असं शिकवतात. पण गाडीच्या डाव्या अंगाने सायकल मारत येणाऱ्याला तो कुठून दिसणार? बोईसरहून नवापूरकडे येणाऱ्या रस्त्यावर कारखान्यांची पाळी सुटते तेव्हा बघा. कडेने सायकली, डब्याच्या पिशव्या घेऊन पायी चाललेली माणसं, टोपल्या घेतलेल्या बाया आणि मागून टँकर. अशा गर्दीत न सांगता आपण वाडीकडे डावीकडे वळलो, तर गाडीला ओरखडा पडेल, पण सायकलवाल्याचा पाय जाईल. इंडिकेटर मालकासाठी नसतोच, तो त्याच्यासाठी असतो.

आता भंगारवाल्यांचं. शेतावरची मोटर चालली नाही तर आपण विहीर बुजवतो का? आधी फ्यूज बघतो, मग स्टार्टर, मग केबल. गाडीचंही तेच आहे. मी दहावी शिकलेला माणूस, मला जमतं तर कुणालाही जमेल.

एकाच बाजूचा दिवा भरभर लुकलुकायला लागला, तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेला असं समजा. फार जुन्या फ्लॅशरच्या गाड्यांत उलटं होतं, दिवा नुसता पेटून राहतो. दोन्ही बाजू बंद असतील तर हॅझर्डचं बटण दाबा. चारही दिवे लुकलुकले तर बल्ब ठीक आहेत. बहुतेक गाड्यांत मग दोष इंडिकेटरच्या फ्यूजमध्ये किंवा स्टिअरिंगखालच्या दांडीच्या स्विचमध्ये निघतो. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळणाऱ्याला मेकॅनिक म्हणू नका, त्याने वायरी जळतात.

आणि ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मंद पेटत असेल, तर तो अर्थचा दोष. करंटला बॉडीतून परतायची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बातून वाट काढतो. आमच्या किनाऱ्यावर हे फार. अर्थिंगच्या खड्ड्यात आपण मीठ मुद्दाम घालतो, पण बल्बच्या होल्डरमध्ये खाऱ्या वाऱ्याचं मीठ बसलं की पितळ हिरवं पडतं, लोखंड गंजतं. एका गॅरेजात मला सांगितलं होतं, सगळी वायरिंग बदला. मी होल्डरपासून बॉडीच्या उघड्या लोखंडाला वायरचा तुकडा लावला, दिवा लख्ख पेटला. मग बॅटरीची वायर काढून अर्थची जागा काचपेपरने घासली, स्क्रू आवळला, वरून व्हॅसलीन फासलं. काम संपलं.

काही जण त्याऐवजी झगझगीत एलईडी बल्ब बसवतात. जुना बल्ब २१ वॅटचा, एलईडी त्यापेक्षा कितीतरी कमी करंट खातो. फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला, आणि दिवा भरभर लुकलुकायला लागतो. घरचा दोष तसाच, वर नवा दोष विकत घेतला.

मारुती ८०० आली १९८३ साली, बंद झाली २०१४ साली. अजून त्या रस्त्यावर दिसतात. सरकारसुद्धा १५ वर्षं झालेल्या खाजगी गाडीची नोंदणी तपासणी करून ५ वर्षं वाढवून देतं. म्हणजे जुनी असणं हा गुन्हा नाही. मुकी असणं मात्र आहे.

नव्या गाड्यांवाल्यांनीही हसू नये. चांगले चालू दिवे असून दांडीला हात न लावणारे मी रोज बघतो. त्यांचा दोष काचपेपरने जात नाही.

मागचा डावा दिवा आपल्याला आपल्या सीटवरून कधीच दिसत नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा घरातल्या पोराला गाडीमागे उभं करा आणि विचारा, "पेटतो का रे?" त्याला अर्धं मिनिट लागतं.