चर्चच्या लाइव्हसाठी कॅमेरा घेताय? फोर-के राहू द्या, आधी झूम आणि आवाज बघा

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चर्च बंद झाली आणि मिस्सा यूट्यूबवर आली. दारं पुन्हा उघडली, तरी अनेक ठिकाणी लाइव्ह सुरूच राहिलं. वसईत अंथरुणाला खिळलेली आजी आणि आखातात नोकरी करणारा तिचा नातू, दोघांनाही तेच चर्च.

आता विषय बजेटचा. दुकानदार फोर-के पुढे करतो. पण बघणारा मोबाइलवर असतो, त्याला फुल एचडी पुरतं. शिवाय फोर-के अपलोड करायला इंटरनेटही तसंच तगडं लागतं.

खरी अडचण अंतराची आहे. कॅमेरा मागच्या भिंतीपाशी, वेदी लांब. मोबाइलच्या डिजिटल झूमने चेहरा पुसट होतो. म्हणून २० पट ऑप्टिकल झूमचा साधा कॅमकॉर्डर इथे भारी पडतो. फोटोवाले कॅमेरे चित्र झकास देतात, पण त्यांच्या अनेक जुन्या मॉडेल्सचं रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतं. कारण? युरोपातली जकात! अर्ध्या तासापुढे रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर तिथे जादा कर लागायचा.

एचडीएमआयमधून बॅटरीचं चिन्ह, आकडे वगैरे न येता स्वच्छ चित्र निघतं का, हे दुकानातच तपासा. कॅप्चर कार्ड तिथेच जोडायचंय.

आणि आवाज. अंधुक चित्र लोक चालवून घेतात, प्रवचन ऐकू आलं नाही तर लगेच बंद करतात. त्यामुळे माइकचं सॉकेट नसलेला कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी नको. चर्चच्या साउंड मिक्सरमधून वायर घ्या. फक्त ती थेट माइकच्या सॉकेटमध्ये खुपसू नका, आवाज फाटतो. मध्ये ॲटेन्युएटर लावा.