गुळवेल, काढा आणि लिव्हर

२०२० चा लॉकडाऊन आठवतोय ना? तेव्हा मी लॅपटॉप घेऊन ढोकीत, घरीच होतो. गावात कडुनिंबावर चढलेली गुळवेल तोडायला सकाळी सकाळी मंडळी हजर! पुण्यातले मित्र तीच वेल गोळ्यांच्या डबीतून घेत होते, एवढाच काय तो फरक.

त्याच सुमारास, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, मुंबईत डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांना लिव्हर बिघडलेले सहा पेशंट सापडले. सहाही जण गुळवेल घेणारे. त्यातल्या एक बाई दगावल्या. २०२१ मध्ये हे छापून आलं आणि आयुष मंत्रालय खवळलं. म्हणे, ही दुसऱ्याच जातीची वेल असू शकते. आक्षेप अगदीच फालतू नव्हता, दिसतात त्या सारख्याच. पण २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ पेशंटचा अभ्यास आला आणि तपासलेले नमुने आपल्याच गुळवेलीचे निघाले. निम्म्याहून जास्त जणांत शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लिव्हरवर उठल्याची लक्षणं होती. आणि आपण ती पीत होतो कशासाठी? इम्युनिटी वाढावी म्हणून!

आता कुणी म्हणेल, लाखो लोक प्यायले, ४३ जणांचं काय घेऊन बसलास? अरे बाबा, हजारदा चालून एकदा क्रॅश होणारा बग आपण 'बगच नाही' म्हणून क्लोज करतो का? आणि हे ४३ म्हणजे मोठ्या हॉस्पिटलपर्यंत पोचलेले. बाकीच्यांचा लॉग कुठे आहे?

आयुर्वेदाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते डबीशी. ग्रंथात सांगितलेल्या औषधाला लायसन्स घेताना साधारणपणे सुरक्षिततेची वेगळी चाचणी लागत नाही. ग्राहकाला वाटतं, कुणीतरी तपासलंच असेल.

माझी मावशी थायरॉईडची गोळी घेते. (त्या पेशंटमध्येही थायरॉईडचे होतेच.) "डॉक्टरांना काढ्याचं सांगितलंस का?" विचारलं, तर म्हणाली, "त्यात काय सांगायचं? झाडाचंच आहे की ते!" डॉक्टर विचारतात "काही औषध चालू आहे का?" आणि आपण "नाही" म्हणतो, कारण काढा औषधात धरतच नाही. मग कावीळ झाली की काविळीवर पुन्हा गावठी मुळी...

थायरॉईड, मधुमेह असेल तर विचारून घ्या. डोळे किंवा लघवी पिवळी झाली तर लगेच बंद करून लिव्हरची तपासणी करा. या दोन ओळी डबीवर छापायला कंपन्यांना काय धाड भरलीय?