हजेरीपटावरची 'नकुसा'

घरात मूल बाळी, सोनू, छकुली अशा कोणत्याही हाकेवर वाढते. पाळण्यातले नाव कित्येकदा कागदावरच राहते. शाळेत मात्र तसे होत नाही. तेथे रोज सकाळी हजेरीपट उघडतो आणि त्यावर लिहिलेले नाव साऱ्या वर्गासमोर मोठ्याने वाचले जाते. नाव विचित्र असेल तर त्याची पहिली जाणीव मुलाला होते ती बहुधा याच क्षणी. महाराष्ट्रात या प्रश्नाची सर्वांत बोचरी बाजू चव्हाट्यावर आली ती २२ ऑक्टोबर २०११ रोजी, साताऱ्यात. त्या दिवशी जिल्हा प्रशासनाने घेतलेल्या समारंभात २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. त्यांची जुनी नावे नकुसा, नकुशी अशी होती. नको असलेली मुलगी, एवढाच त्या नावाचा अर्थ.

एकापाठोपाठ मुलीच झाल्या की शेवटच्या मुलीचे नाव 'नकुसा' ठेवावे, म्हणजे पुढचा मुलगा होतो, ही त्यामागची समजूत. ही प्रथा एकट्या साताऱ्याची नाही. हरियाणात 'भतेरी', म्हणजे पुरे झाल्या, हे नाव परिचित आहे. तमिळनाडूत 'वेण्डाम', म्हणजे नको, असे नाव ठेवलेल्या मुली आढळतात. भाषा बदलली तरी निरोप तोच राहतो. साताऱ्यातील समारंभात कोणी चित्रपट-तारकांची नावे निवडली, कोणी देवींची. आता शाळेतल्या मैत्रिणी नव्या नावाने हाक मारतील, याचा आनंद एका पंधरा वर्षांच्या मुलीने तेव्हा बोलून दाखविला होता. सरकारी प्रमाणपत्रापेक्षा तिला वर्गातली हाक महत्त्वाची वाटली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मराठी समाजाला ओबडधोबड नावांचे वावडे कधीच नव्हते. दगडू, धोंडू, केरबा, भिकू ही नावे पिढ्यान् पिढ्या चालत आली. आधीची मुले दगावलेल्या घरात नवे मूल जगावे, त्याला कोणाची दृष्ट लागू नये, म्हणून मुद्दाम असे हलके नाव ठेवीत. 'धोंडो' हे नाव घेऊनच महर्षी कर्वे यांनी स्त्रीशिक्षणाचे आयुष्यभराचे कार्य उभे केले आणि १९५८ साली ते भारतरत्न झाले. तेव्हा नावाचा खडबडीतपणा हे मुलाच्या दुःखाचे मूळ नव्हे. दगडू या नावात मूल हातचे जाऊ नये ही आईबापांची धडपड असे. नकुसा या नावात मूल आलेच कशाला ही तक्रार असते. वरवर दोन्ही नावे सारखीच अभद्र वाटतात, पण मुलाला अर्थ कळू लागला की फरक लगेच कळतो. आणि अर्थ समजावून सांगायला वर्गमित्र तत्परच असतात.

चिडवाचिडवी हा तर प्रश्नाचा दर्शनी भाग झाला. नावाचा परिणाम शिक्षकांवरही होतो, आणि तो अधिक खोल असतो. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड फिग्लिओ यांनी २००५ साली फ्लोरिडातील शाळांच्या नोंदींवरून सख्ख्या भावंडांची तुलना केली. घर तेच, आईबाप तेच, फक्त नावांचा बाज वेगळा. ज्या भावंडाचे नाव गरीब, अशिक्षित घरातले वाटते, त्याच्याकडून शिक्षकांच्या अपेक्षा कमी असतात, असे त्यांना आढळले. जर्मनीत ओल्डेनबर्ग विद्यापीठाने २००९ साली प्राथमिक शिक्षकांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत केविन, शांताल अशी नावे ऐकताच अनेक शिक्षकांच्या डोळ्यांसमोर खोडकर, अभ्यासात मागे असलेले मूल उभे राहते, असे दिसले. केविन हे नाव नसून निदान आहे, असा एका शिक्षकाचा शेरा त्या पाहणीत नोंदला गेला आणि तो जर्मनीभर गाजला. विशेष म्हणजे केविन हे काही दुर्मीळ नाव नव्हे. १९९० च्या दशकाच्या आरंभी ते तेथे अत्यंत लोकप्रिय होते. म्हणजे शिक्षक नावाचे वेगळेपण पाहत नव्हते, ते नावातून घर वाचत होते.

याची दुसरी बाजूही आहे. रोलंड फ्रायर आणि स्टीव्हन लेव्हिट यांनी २००४ साली कॅलिफोर्नियातील जन्मनोंदींचा अभ्यास केला. कृष्णवर्णीय मुलींच्या घरची परिस्थिती हिशेबात धरली, तर त्यांच्या वेगळ्या वाटणाऱ्या नावांचा पुढील आयुष्यावर स्वतंत्र असा परिणाम उरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. नावानेच नशीब ठरते असे म्हणणे त्यामुळे अतिशयोक्तीचे ठरेल. हरियाणाची कुस्तीगीर अंतिम पंघाल हे त्याचे ठळक उदाहरण. चौथी मुलगी झाल्यावर ही शेवटचीच असावी, म्हणून हे नाव ठेवले गेले. तिनेच २०२२ साली वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. परंतु तिच्यामागे घरच्यांचे पाठबळ उभे राहिले, हेही विसरता येत नाही. नकुसा नाव ठेवून नंतर त्याच मुलीला मायेने शिकविणारी घरेही असतातच. नाव हा घरातल्या हवेचा अंदाज असतो, पुरावा नव्हे. शिक्षकाने तो पुरावा मानला की मुलीची कोंडी होते.

मुलांना स्वतःला हे ओझे केवढे वाटते, याचे विलक्षण उदाहरण न्यूझीलंडमध्ये घडले. आईबापांनी हौसेने ठेवलेल्या 'तलुला डझ द हुला फ्रॉम हवाई' या लांबलचक नावाची नऊ वर्षांची मुलगी मैत्रिणींना आपले नाव सांगतच नसे. 'के' एवढ्या एका अक्षरावर तिने भागविले होते. २००८ साली हे प्रकरण प्रसिद्धीस आले. नाव बदलता यावे म्हणून न्यायाधीशांनी तिला न्यायालयाच्या पालकत्वाखाली घेतले. जपाननेही कुटुंब-नोंदणीचा कायदा सुधारून मे २०२५ पासून नावांच्या मनमानी उच्चारांना आळा घातला आहे. तेथे प्रश्न पालकांच्या हौसेचा होता, आपल्याकडे तो नकाराचा आहे. हौसेला मर्यादा घालणे त्या मानाने सोपे.

भारतात नाव कोणते असावे यावर कायद्याचे व्यावहारिक बंधन जवळपास नाहीच. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची नोंद नावाविना करता येते आणि बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क दाखल करता येते. त्या मुदतीत घरचे जे सांगतील ते लिहिले जाते. ते एकदा लिहिले गेले की बदलणे मात्र कष्टाचे. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील प्रसिद्धी, शाळेच्या जनरल रजिस्टरमधील दुरुस्ती, आधार कार्ड, शिधापत्रिका अशी ही वाट आहे. मुलगी शाळेत असेपर्यंत ती कशीबशी चालता येते. शाळा सोडल्याचा दाखला हाती पडल्यावर फारच अवघड होते. त्यातच १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंतचा आधार ठरला आहे, आणि विद्यार्थ्यांच्या 'अपार' क्रमांकासाठी शाळेतले व आधारवरचे नाव जुळावे लागते. बारशाच्या दिवशी रागाने ठेवलेले नाव पूर्वी लग्नात तरी बदलून जाई. आता ते संगणकात जाऊन बसते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. साताऱ्यातील समारंभ त्या घसरणीच्या वर्षातला, आणि मुलगी वाचवा मोहिमेचे प्रतीक म्हणून तो योग्यच होता. पण समारंभाला पुढचे कारकुनी काम जोडलेले असावे लागते. आईबापांनी मोलमजुरीचा रोज बुडवून तालुक्याला खेटे घालावेत, ही अपेक्षा ज्या घरांत मुलगीच नको होती त्यांच्याकडून करणे भाबडेपणाचे आहे. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापकांच्या हाती अर्ज येतो, पालक समोर बसलेले असतात आणि दुरुस्ती करण्याजोगे कागदही तेव्हा थोडेच असतात. नाव बदलून हवे का, हे त्याच टेबलावर विचारावे, आणि होकार आल्यास राजपत्राचा खर्च व पाठपुरावा जिल्हा परिषदेने उचलावा. साताऱ्याच्या त्या सभागृहात जी मुलगी सहा वर्षांची असेल, ती आज विशीत आहे. तिच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर कोणते नाव छापले गेले, हे त्या समारंभाच्या छायाचित्रावरून कळत नाही.